किल्ल्यातून जाणारी गाडी

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या बालेकिल्ल्याचा जिना भिंतीच्या पोटातून वर जातो. पायऱ्या मधोमध झिजलेल्या, उजेड जंग्यांमधून येईल तेवढाच. गुडघ्यावर हात ठेवत ठेवत मी गच्चीवर पोचले. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. पुसून खाली पाहते तो नदीच्या आधी रूळ दिसले. एकदोन नाहीत, रुळांचं जाळंच, किल्ल्याच्या पायाला खेटून गेलेलं. त्यावरून एक लांबलचक गाडी अंग चोरून वळण घेत होती आणि रुळांच्या पलीकडे किल्ल्याचा दरवाजा उभा होता.

दरवाजा तिकडे, बालेकिल्ला इकडे, आणि मधून एडिंबराची गाडी.

आपल्याकडे महादरवाजातून आत शिरलं की पायाखालची वाट बालेकिल्ल्याकडे चढत जाते. इथे ती वाटच रेल्वेनं घेतली आहे. मी तिथे तासभर उभी होते. लेक दोनदा म्हणाली, "आई, थंडी बाधेल." पण रुळांवरून माझी नजर हटेना, कारण मी रुळांकाठीच वाढले.

आमचे अण्णा मध्य रेल्वेत गँगमन होते, कर्जत-खंडाळा घाटात. आमचं क्वार्टर पळसदरीला. पहाटे खांद्यावर हातोडा टाकून ते निघायचे आणि रुळांच्या सुटलेल्या चाव्या ठोकत, दोन रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटांचे बोल्ट आवळत आपला तुकडा चालून काढायचे. पावसाळ्यात रात्रीची गस्त. हातात बत्ती, डोक्यावर इरलं, आणि घाटातला तो पाऊस. दरड आधी कानाला कळते, म्हणायचे. मोठा धोंडा सुटायच्या आधी बारीक खडे घरंगळतात. आई दारात बसून राहायची. तिलाही कान देऊन ऐकायची सवय लागली होती.

लेकीच्या नोकरीमुळे मला या गावात सहा महिने राहायला मिळालं, मे ते ऑक्टोबर. ती सकाळी कामावर गेली की मी डबा घेऊन बाहेर पडायची. टाइन नदीचा काठ, मग वेअर नदीचा काठ. पहिल्या आठवड्यात मी नुसती पाहत होते. नंतर लक्षात आलं की मी काहीतरी शोधते आहे. राजांच्या, बिशपांच्या, कारखानदारांच्या खुणा जागोजाग होत्या. अण्णांसारख्या माणसांची खूण कुठे राहिली आहे, ते मला बघायचं होतं.

आधी त्या किल्ल्याचं सांगते. न्यूकॅसल म्हणजे नवा किल्ला. विल्यम द कॉन्करर या नॉर्मन राजाचा थोरला मुलगा रॉबर्ट यानं १०८० साली नदीवरच्या कड्यावर लाकडी किल्ला बांधला. त्याच्या कितीतरी आधी त्याच जागी रोमनांचं ठाणं होतं, पॉन्स एलियस नावाचं, आणि त्यांचा पूलही इथेच होता. दुसऱ्या हेन्रीनं ११६८ ते ११७८ या दहा वर्षांत दगडी बालेकिल्ला उभारला. दरवाजा नंतरचा, १२४७ ते १२५० मधला. नाव पडलं नवा किल्ला, ते साडेनऊशे वर्षांत कुणी बदललं नाही.

दरवाजाला ब्लॅक गेट म्हणतात. रंगामुळे नव्हे, सतराव्या शतकात तिथे पॅट्रिक ब्लॅक नावाचा भाडेकरू होता म्हणून. पुढे तर त्या दरवाजाची चाळ झाली. खोल्या पाडल्या, खोल्यांना खोल्या जोडल्या, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे साठेक माणसं राहत होती. मला किल्ल्यातला हा भाग सगळ्यात जवळचा वाटला. ज्या कमानीतून सरदार घोड्यावरून शिरले, त्याच कमानीवर कुणाच्या तरी बाळाची दुपटी वाळत असणार.

स्कॉटलंडशी लढाया संपल्या तसं किल्ल्याचं काम संपलं. मग तुरुंग, मग नुसतंच पडून राहणं. बालेकिल्ल्याला छप्परही उरलं नव्हतं. १८१० च्या सुमाराला गावानं तो विकत घेऊन डागडुजी केली. आणि १८४९ मध्ये रेल्वे आली, ती दरवाजा आणि बालेकिल्ला यांच्या मधून.

रेल्वे इथून जाणं भागच होतं. टाइनचं खोरं या ठिकाणी अरुंद आणि खोल आहे. गेट्सहेडच्या कड्यावरून न्यूकॅसलच्या कड्यावर यायचं तर पूल उंचावरच हवा, आणि त्या उंचीवर पलीकडे किल्ला उभा. तो हाय लेव्हल ब्रिज रॉबर्ट स्टीफन्सननं बांधला. वरच्या मजल्यावर रूळ, खालच्या मजल्यावर रस्ता. १८४९ च्या सप्टेंबरात राणी व्हिक्टोरियानं त्याचं उद्घाटन केलं. मी खालच्या मजल्यावरून पायी गेले. दोन्ही बाजूंना लोखंडी खांब, डोक्यावर लाकूड आणि लोखंड. मधेच वरून गाडी गेली. आधी कठड्यावरच्या हाताला कळलं, मग कानाला. हात मी मुद्दाम तिथेच ठेवला. घाटात अण्णा आम्हाला रुळावर कान ठेवून गाडी ऐकायला शिकवायचे, आणि आईच्या शिव्या खायचे.

स्टेशनाजवळ रॉबर्टच्या वडिलांचा, जॉर्ज स्टीफन्सनचा पुतळा आहे, १८६२ सालचा. जॉर्जचा जन्म १७८१ चा, इथून नदीनं वर असलेल्या वायलम गावातला. घरात कोळशाच्या खाणीचं काम. हा माणूस अठरा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता. पुढे त्यानं इंजिनं बनवली, आणि खाणीत स्फोट होऊ नये म्हणून सुरक्षित दिवाही बनवला. १८२३ मध्ये बापलेकांनी याच गावात फक्त रेल्वेची इंजिनं बांधणारा जगातला पहिला कारखाना काढला. १८२५ ची स्टॉकटन-डार्लिंग्टन गाडी ओढणारं लोकोमोशन तिथलं, १८२९ चं रॉकेट नावाचं इंजिनही तिथलंच.

हे सगळं मी शाळेत मुलांना शिकवलेलं होतं. पुतळ्यापाशी थांबले ती जॉर्जसाठी नव्हे. चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांवर चार माणसं बसवली आहेत. एक खाणकामगार, एक इंजिनवाला, एक लोहार, आणि चौथा प्लेटलेअर. प्लेटलेअर म्हणजे रूळ बसवणारा, म्हणजे गँगमन. त्याच्याजवळ जुन्या घडणीचा रूळ आहे, खालून माशाच्या पोटासारखा फुगीर. मी रस्ता ओलांडून पुन्हा पलीकडे गेले, मग पुन्हा अलीकडे आले. आमच्या देशात इतक्या वर्षांत, इतक्या स्टेशनांत, गँगमनचा पुतळा मी पाहिला नव्हता. इथे तो १८६२ पासून पावसात बसला आहे. जॉर्ज वर उभा, हा खाली पायाशी, हे खरं. पण आहे.

त्या चौथऱ्यापासून आमच्या घाटापर्यंत एक धागा जातो. जेम्स बर्कले हा इंजिनियर रॉबर्ट स्टीफन्सनच्या हाताखाली तयार झालेला. १८४९ मध्ये त्याची ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनियर म्हणून नेमणूक झाली. १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी त्याच्याच देखरेखीखाली धावली, आणि भोर घाटाची आखणीही त्याचीच. पंधरा मैलांची चढण, पंचवीस बोगदे, आणि गाडीला तोंड फिरवून पुढे न्यायचं ते रिव्हर्सिंग स्टेशन. पगार थकले म्हणून १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मुंबईत आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोनं, ॲलिसनं, कंत्राट सोडलं नाही; माणसं नेमून काम पुरं करून घेतलं. पटकीनं आणि तापानं किती मजूर गेले त्यांच्या नावांची यादी कुठे नाही. बर्कले स्वतः १८६२ मध्ये वारला, हा पुतळा उभा राहिला त्याच वर्षी. घाट त्यानंतर वर्षभरात सुरू झाला. आणि त्याच्यानंतर शंभर वर्षांनी अण्णा त्याच रुळांच्या चाव्या ठोकत होते.

किल्ल्यावरून खाली नदीवर उतरलं की पुलांची रांग लागते. सगळ्यात लोकांच्या मनातला पूल टाइन ब्रिज, १९२८ चा, कमानीचा. त्याच्या तुळयांवर आणि खांबांच्या कंगोऱ्यांवर उन्हाळ्यात किटिवेक नावाचे समुद्रपक्षी घरटी करतात. समुद्रापासून इतकं आत घरटी करणारी त्यांची दुसरी वसाहत जगात नाही म्हणतात. त्यांचा गलका एवढा, की पुलाखालून जाताना लेकीशी ओरडून बोलावं लागायचं.

पण मला ओढ लागली ती आता नसलेल्या एका पुलाची. टाइनवर आधी मध्ययुगातला दगडी पूल होता, त्यावर घरं आणि दुकानं. १७७१ च्या नोव्हेंबरात महापूर आला आणि पूल वाहून गेला. पुढच्या दहा वर्षांत नवा दगडी पूल झाला, पण तोही बुटका, कमानी लहान. शिडाची मोठी जहाजं त्याखालून वर जाऊ शकत नव्हती. नदी उथळही होती. आणि कोळशाच्या खाणी तर नदीच्या वरच्या अंगाला. मग कोळसा जहाजापर्यंत न्यायचा कुणी?

कीलमेननी. कील म्हणजे सपाट तळाची, रुंद, बसक्या अंगाची होडी. एका होडीत एकवीस टनांच्या आसपास कोळसा. माणसं चारच: एक तांडेल, दोन खलाशी आणि एक पोऱ्या. ओहोटीबरोबर खाली जायचं, समुद्राच्या तोंडाशी नांगरलेल्या जहाजाला होडी लावायची, आणि एकवीस टन कोळसा फावड्यानं वर फेकायचा. वर फेकायचा, हे मला वाचताना थांबवून गेलं. होडीचा काठ पाण्यालगत, जहाजाचा काठ डोक्यावर. जहाज भरत जाईल तसं खाली बसतं, पण तोवर दंड भरून येतात. मग भरती लागली की परत. मजुरी खेपेवर, दिवसावर नाही. वारा उलटा फिरला, जहाज आलं नाही, नदी गोठली, की घरात चूल थंड.

हे लोक गावाच्या तटाबाहेर सँडगेट नावाच्या वस्तीत राहत. पुष्कळसे स्कॉटलंडमधून आलेले. वर्षाच्या कराराला बांधलेले. ते वारंवार संपावर गेले; १८२२ चा संप दहा आठवडे चालला, नदीवरचा कोळसा थांबला आणि बंदोबस्ताला सैन्य आणि आरमार आणावं लागलं. पण मला सांगायचं आहे ते १७०१ सालचं. त्या वर्षी या माणसांनी आपल्या मजुरीतून खेपेमागे काही पेनी बाजूला टाकून स्वतःचं हॉस्पिटल बांधलं. हॉस्पिटल म्हणजे दवाखाना नव्हे. म्हाताऱ्या, जायबंदी खलाशांना आणि त्यांच्या विधवांना राहायला खोल्या. ना राजानं दिलं, ना बिशपनं. एकवीस टन वर फेकणाऱ्यांनी आपल्यातल्या थकलेल्यांसाठी बांधलं.

ती इमारत अजून आहे. सिटी रोडवर, विटांची, चौकोनी, मधे अंगण, वर घड्याळाचा छोटा मनोरा. मी गेले तेव्हा बंद होती. खिडक्यांना फळ्या, भिंतीच्या सांध्यांतून झुडूप वर आलेलं. मी विटांवरून हात फिरवला. विटा लहान आहेत, आपल्या विटांपेक्षा पातळ, आणि कडा बोथट झालेल्या. एका विटेच्या कोपऱ्यात कोळशासारखा काळा ठिपका होता, भट्टीतलाच असेल. त्या दिवशी किल्ल्यात पर्यटकांची रांग होती आणि इथे मी एकटी. त्याचा मला राग आला, आणि अजून आहे. किल्ला दहा वर्षांत राजाच्या पैशानं झाला. ही वास्तू पेनीपेनीनं झाली. दोन्हींना सारखं छप्पर मिळायला हवं.

कीलमेनचं काम एका दिवसात गेलं नाही. नदीच्या खालच्या अंगाला कोळसा थेट जहाजात ओतणारे धक्के झाले, वाफेच्या टगबोटी आल्या, १८५० नंतर नदीचा गाळ उपसून ती खोल केली. शेवटचा अडसर तो बुटका पूल. तो पाडून १८७६ मध्ये तिथे फिरता पूल बसवला. मधल्या खांबावर अख्खा पूल पाण्याच्या दाबानं आडवा फिरतो आणि जहाज बाजूनं निघून जातं. तो बसवणारा विल्यम आर्मस्ट्राँग. त्याचा कारखाना पुलाच्या वरच्या अंगाला, एल्सविकला. आपली जहाजं तिथवर यायला हवी होती. पहिल्यांदा पूल उघडला तो युरोपा नावाच्या इटालियन जहाजासाठी. ते शंभर टनांची तोफ न्यायला एल्सविकला चाललं होतं.

आर्मस्ट्राँगबद्दल माझं मन एका जागी ठरत नाही. वकिली सोडून यंत्रांकडे वळलेला हुशार माणूस. पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन त्यानं बनवली, १८४७ मध्ये एल्सविकचा कारखाना काढला. डोंगरातल्या त्याच्या क्रॅगसाइड या घरात झऱ्याच्या पाण्यावर वीज करून दिवे लावले, जोसेफ स्वानचे विजेचे दिवे. घरातल्या घरात पाण्यावरची वीज वापरणारं ते जगातलं पहिलं घर. जेस्मंड डीन हा झाडांनी भरलेला ओढा त्यानं गावाला देऊन टाकला. लेकीचं घर तिथून पाच मिनिटांवर. मी रोज संध्याकाळी त्याच्याच झाडांखालून फिरले. पण पैसा आला तो तोफांमधून, पुढे लढाऊ जहाजांमधून. आणि १८७१ मध्ये या भागातल्या कामगारांनी दिवसाला नऊ तासांचं काम मागितलं तेव्हा विरोध करणाऱ्या मालकांच्या पुढे हाच होता. पाच महिने संप चालला. कामगार जिंकले. त्या नऊ तासांचं स्मारक मला कुठे दिसलं नाही. त्याची झाडं मात्र मी रोज पाहिली, आणि ती मला आवडली हेही खरं.

जुलैत डरहॅमला गेले. न्यूकॅसलहून गाडीनं पंधरा मिनिटं. स्टेशन उंचावर आहे आणि तिथून अख्खं गाव समोर येतं. वेअर नदीनं घोड्याच्या नालासारखा वळसा घातलेला, मधल्या टेकाडावर एका टोकाला किल्ला, शेजारी कॅथीड्रल, खाली दाट झाडी आणि पाणी. किल्ला १०७२ चा, कॅथीड्रलचं काम १०९३ ला सुरू झालेलं. इथले बिशप नुसते धर्मगुरू नव्हते. त्यांना सैन्य, न्याय, नाणी पाडायचा हक्क, सगळं होतं, आणि त्यांच्या जमिनीखाली कोळसा होता. १८३२ मध्ये इथे विद्यापीठ निघालं आणि पुढे किल्ला विद्यार्थ्यांच्या ताब्यात गेला. आजही मुलं तिथे राहतात, दरबाराच्या जुन्या दालनात जेवतात. किल्ल्याचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

मी मुद्दाम जुलैतला दुसरा शनिवार धरला होता. त्या दिवशी खाणकामगारांचा मेळा असतो. १८७१ पासून चालत आलेला. डरहॅम परगण्यात आता एकही खोल खाण चालू नाही. ईझिंग्टन १९९३ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी संडरलंडची वेअरमाउथही, आणि तिच्या जागेवर आता फुटबॉलचं स्टेडियम आहे. तरी दर वर्षी गावागावांतून माणसं येतात. पुढे पितळी वाद्यांचं बँडपथक, मागे त्या त्या खाणीचा रेशमी ध्वज, दोन उंच काठ्यांवर ताणलेला. वाऱ्यानं तो शिडासारखा फुगतो म्हणून चारी बाजूंनी दोऱ्या धरून माणसं चालतात. आषाढीच्या आसपासचे दिवस. मला दिंडीची आठवण येणारच. दिंडीलाही नंबर असतो, मान असतो, ठरलेली जागा असते, आणि आपल्या गावाची दिंडी आली की माणसाचा आवाज बदलतो. इथेही तेच. माझ्या शेजारच्या बाईनं आपल्या गावाचा ध्वज वळणावर दिसताच नातवाला खांद्यावर घेतलं. "तुझ्या पणजोबांची खाण," ती म्हणाली. एवढंच.

ज्या वर्षी खाणीत कुणी दगावलं, त्या वर्षी ध्वजावर काळं कापड बांधून आणायची रीत होती. ईझिंग्टनला १९५१ मध्ये स्फोट झाला, सुटकेला गेलेले दोघे धरून ८३ माणसं गेली.

दुपारी काही ध्वज कॅथीड्रलमध्ये नेतात. आत बँड अगदी हळू वाजत होता. नऊशे वर्षांच्या त्या जाड खांबांमधून तो आवाज येत होता आणि माणसं उभ्या उभ्या रडत होती, पुरुषसुद्धा, न लपवता. भिंतीपाशी खाणीत गेलेल्यांचं स्मारक आहे, १९४७ पासूनचं. जवळ खाणीतला दिवा. मजकुरात गेलेल्यांची आठवण धरायला सांगितलं आहे, आणि अंधारात, धोक्यात आज काम करणाऱ्यांचीही. ज्या टेकाडावरून बिशपांनी खाणींची मालकी गाजवली, त्याच टेकाडावर खाणीतली माणसं आपले ध्वज घेऊन चढतात. ही वाट त्यांना कुणी दिलेली नाही. ती त्यांनी चालून चालून केली आहे.

संडरलंडला एकदा धावती भेट झाली. काचेचं काम, जहाजं, ६७४ सालचं मठाचं देऊळ. त्या दिवशी पाऊस होता आणि मी लवकर परतले.

शेवटचा फेरा वॉल्सएंडचा. रोमन सम्राट हेड्रियननं इसवी सन १२२ मध्ये बांधायला घेतलेल्या भिंतीचं हे पूर्वेचं टोक, म्हणून नाव वॉल्सएंड. ठाण्याचं नाव सेगेदुनुम. तिथल्या मेट्रो स्टेशनवर पाट्या लॅटिनमध्येही आहेत. ठाण्याचे पाये खणून काढले ते १९७० च्या दशकात, वर उभ्या असलेल्या कामगारांच्या घरांच्या रांगा पाडल्यावर. मनोऱ्यावर चढलं की एका बाजूला रोमन बराकींचे आखीव चौकोन दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला, नदीलगत, मोकळं मैदान. काँक्रीट, गवत, कुंपण.

ते मैदान म्हणजे स्वान हंटरची जहाजगोदी. टायटॅनिक बुडाल्यावर वाचलेल्यांना उचलून घेणारं कार्पेथिया इथलं. १९०६ मध्ये पाण्यात उतरलेलं मॉरेटेनिया इथलं. अटलांटिक सगळ्यात वेगानं ओलांडण्याचा मान त्याच्याकडे वीस वर्षं होता. १९६९ मध्ये अडीच लाख टनांचं तेलवाहू जहाज बांधलं. त्या काळातल्या फोटोंत बैठ्या घरांची गल्ली दिसते, गल्लीत मुलं खेळतात, आणि गल्लीच्या टोकाला आभाळ नाही, जहाज आहे.

खाली नदीकाठच्या वाटेवर बाकावर एक आजोबा बसले होते. मी डबा उघडला तेव्हा वासानं त्यांनी वळून पाहिलं. मी मेथीचे ठेपले पुढे केले. त्यांनी एक घेतला, बोटं पँटला पुसून. बोटांच्या पाठीवर पांढरे, गोल, मसुराएवढे डाग होते. मी पाहते आहे हे त्यांच्या लक्षात आलं. "ठिणग्या," म्हणाले. पंधराव्या वर्षी गोदीत लागले, जहाजाचे पत्रे बसवायच्या कामावर. इकडची माणसं परक्या बाईलाही 'पेट' म्हणतात, आपण 'अगो बाय' म्हणू तसं. "जहाज पाण्यात जातं ना पेट, तेव्हा आधी काहीच होत नाही. मग पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. मग साखळ्या." वेग आवरायला जहाजाला साखळ्यांचे ढीग बांधलेले असत, जहाज सुटलं की ते फरफटत जायचे, आणि गंजाचा लाल धुरळा सगळ्या गोदीवर. भोंगा व्हायचा, गेट उघडायचं, आणि हजारो माणसं एकदम रस्त्यावर.

२००६ मध्ये इथलं शेवटचं जहाज, लाइम बे, अर्धवटच टगबोटींनी ओढून ग्लासगोला नेलं. ते त्यांनी याच काठावरून पाहिलं होतं. पुढचं ते थोडं थांबून बोलले.

"तू कुठली?"

"इंडिया."

"आमच्या क्रेन तुझ्याकडेच गेल्या."

हे मला ठाऊक होतं. २००७ मध्ये गोदीतल्या क्रेन, तरंगती गोदी आणि यंत्रसामग्री भारती शिपयार्डनं विकत घेतली. कंपनी मुंबईची होती, तिचा एक कारखाना रत्नागिरीत होता. पण ते वर्तमानपत्रातलं वाक्य होतं. इथे माझ्यासमोर त्या क्रेनखाली उमेदीची वर्षं घालवलेला माणूस ठेपला खात होता, आणि मला काय बोलावं ते सुचेना. मी फोन काढला आणि नकाशावर रत्नागिरी दाखवली. किनारा मोठा केला. मिऱ्याचा डोंगर, भगवती बंदर, तिथला किल्ला, भाट्याची खाडी. किल्ला आहे म्हटल्यावर त्यांनी नुसती मान हलवली. खाडीवर मात्र त्यांनी बोट ठेवलं. चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांजवळ नेला, आणि बराच वेळ त्या निळ्या पट्टीकडे पाहत राहिले.

"पाणी किती खोल आहे इथे?" त्यांनी विचारलं. "आणि भरतीला किती चढतं?"